वसमतकर साहेबांची नवी प्रजाती

वसमतकर साहेबांच्या शेरवानीला अकरा खिसे होते. शिंप्याने शिवलेले पाच आणि त्यांच्या बायकोने, अनसूयाकाकींनी, आतून लावलेले सहा. आतल्या सहा खिशांत बोटाएवढ्या काचेच्या नळ्या असत, तोंडाला कापसाचा बोळा. हैदराबादवरच्या पोलीस अॅक्शननंतर आमच्या शेतकी खात्यातल्या शेरवान्या झपाट्याने कमी झाल्या. मी रुजू झालो तेव्हा कचेरीतल्या एकवीस माणसांपैकी चौदा जण शेरवानीत येत. वर्षभरात तीन उरले. बुशशर्ट का घालत नाही असं कुणी विचारलं की साहेब म्हणत, "बुशशर्टाला खिसे किती? दोन. मग माझे किडे काय टोपीत घेऊन फिरू?"

मी मूळचा अमरावतीचा. हैदराबाद संस्थान हिंदुस्थानात आल्यावर बाहेरून जी माणसं इथल्या खात्यांत भरली गेली त्यांतला एक. काम आकडेवारीचं. वय छत्तीस, बायको, दोन मुली, आणि बरकतपुऱ्यात वरच्या मजल्यावरच्या तीन खोल्या. कचेरीत मला जी टेबलाची जागा मिळाली तिच्या शेजारी वसमतकर साहेब बसत. ते परभणीकडचे, तीस वर्षं याच शहरात नोकरी केलेले, चौपन्न वर्षांचे. त्यांचं मराठी पहिले आठ दिवस मला नीट कळलं नाही. "काय परेशान व्हायलात सबनीस, चहा प्या की," असं ते म्हणत. नाही म्हणायचं तर "नक्को", हो म्हणायचं तर "हौ". तेलुगू माळ्याशी तेलुगूत, शिपायाशी दखनीत, डायरेक्टरांशी इंग्रजीत आणि किड्यांशी मराठीत बोलत. किड्यांशी ते खरंच बोलत.

त्यांचे किडे म्हणजे गांधीलमाशीच्या कुळातले, पण तीन मिलिमीटरचे. ही माशी दुसऱ्या किड्याच्या अळीच्या अंगात अंडी घालते. तिची पिल्लं त्या अळीला आतून खाऊन वाढतात आणि एके दिवशी बाहेर पडतात. अळी मरते, पीक वाचतं. अशा माश्यांचे हजारो प्रकार आहेत आणि कोणती माशी कोणत्या अळीला मारते हे कळायचं तर आधी माशी ओळखता आली पाहिजे. साहेब तीस वर्षं तेच करत होते.

मला हा विषय कळावा म्हणून त्यांनी एकदा सांगितलं, "जात म्हणजे एक घर समजा. प्रजाती म्हणजे गल्ली. कूळ म्हणजे मोहल्ला. नवीन जात सापडली म्हणजे गल्लीत एक घर वाढलं. तशी मी सतरा घरं वाढवली. पण नवी प्रजाती म्हणजे नकाशावर नसलेली गल्ली. ती कुणाकुणालाच सापडती."

"तुम्हाला?"

"अजून नाही. चालायलोय."

ओळख पटवायची त्यांची पद्धत साधी होती. एका वेळी एकच प्रश्न विचारायचा, उत्तर हो किंवा नाही, आणि उत्तराप्रमाणे पुढच्या प्रश्नाकडे जायचं. मला ते समजेना म्हणून त्यांनी एका दुपारी आमच्या कचेरीतल्या माणसांचाच असा तक्ता लिहिला. "१. चष्मा आहे: २ पाहा. चष्मा नाही: ९ पाहा. २. चष्मा कपाळावर: हेडक्लार्क व्यंकटराव. चष्मा नाकावर: ३ पाहा." असा तो पुढे जात होता. पाचव्या प्रश्नात होतं, "बेरीज एकदा करतो: स्टोअरकीपर. बेरीज दोनदा करतो: सबनीस." एकवीस माणसांना वीस प्रश्न पुरले. मी नंतर हिशेब करून पाहिला. कितीही माणसं घ्या, एक प्रश्न कमीच लागतो.

तक्ता कुणीतरी नोटीसबोर्डावर लावला. आमचे डायरेक्टर मद्रासहून नुकतेच आले होते, शिस्तीचे म्हणून त्यांचा बोलबाला होता. ते बोर्डासमोर थांबले, सगळे वीस प्रश्न वाचले आणि इंग्रजीत म्हणाले, "मिस्टर वसमतकर, यात मी कुठे आहे?"

साहेब उठून उभे राहिले. "सर, आपण नवे आहात. नमुना पूर्ण वाळल्याशिवाय मी नाव लावत नाही."

मग डायरेक्टर हसले, आणि त्यानंतर दर दोन-तीन महिन्यांनी साहेबांच्या टेबलाजवळ थांबून ते विचारत, "वाळलो का?"

सूक्ष्मदर्शक पितळेचा होता. मला त्यात बघायला लावून साहेब माशीच्या मिशीचे सांधे मोजून घेत. किती असायला हवेत ते आधी कधीच सांगत नसत. "आकडा आधी सांगितला तर डोळा खुशामत करतो," म्हणत. मी एकदा बावीस सांगितले, पुन्हा पाहून तेवीस सांगितले. त्यांनी दोन्ही आकडे लिहिले, पुढे वेळही लिहिली. माझ्या आयुष्यात माझी चूक इतक्या आदराने कुणी नोंदवली नव्हती.

किडा दिसला की त्यांना जागेचं भान राहत नसे. काचीगुड्याला एका मुंजीत पंगत बसली होती. वरणभातावर तूप पडलं आणि साहेब पानावरून उठले, तडक खिडकीकडे गेले. यजमानांना वाटलं, पाहुणे रुसले. ते हात जोडून मागे धावले, "साहेब, काय चुकलं?" मुलाचे मामाही आले, तेही हात जोडून. साहेब खिडकीच्या गजावर नळी उपडी धरून उभे. "काही चुकलं नाही, जरा बाजूला व्हा, उजेड येऊ द्या." मामांनी पुढे वर्षभर सगळ्यांना सांगितलं की वसमतकर मोठ्या मनाचे, एवढा अपमान झाला पण काही चुकलं नाही म्हणाले. कोणता अपमान ते मामांनाही माहीत नव्हतं.

अंबरपेठेतल्या त्यांच्या घरी ओट्याशेजारी कंदिलाच्या काचा ओळीने उभ्या असत. वरचं तोंड मलमलीने बांधलेलं, आत एरंडीचं पान आणि पानावर अळी. अनसूयाकाकी रोज मलमलीवर मधाच्या पाण्याचा थेंब ठेवत. "लग्नात मला सांगितलं होतं, मुलाला कुणी नाही, घरात दोनच माणसं," त्या म्हणत. "इथं बघा. परवा मोजल्या तर चाळीस तोंडं." तक्रार म्हणून सांगत, पण एखादी अळी मेली की साहेबांच्या आधी त्यांना कळे.

आता नव्या प्रजातीकडे येतो. तिच्यात माझाही हात आहे आणि तो चांगला नाही.

खात्याच्या कपाटात परभणीच्या फार्मवरून पूर्वी आलेली एक पेटी होती. तिच्यात एरंडीवरच्या अळीतून निघालेल्या त्रेचाळीस माश्या, टाचण्यांवर लावलेल्या. सगळ्या काळ्या, लांब मिशांच्या. दुसरी पेटी हैदराबादची, साहेबांनी स्वतः आदल्या डिसेंबरात एरंडीच्या शेतात जाळी फिरवून गोळा केलेली. तिच्यात एकोणसत्तर माश्या, पिवळ्या, आखूड मिशांच्या. पिवळीची प्रजाती जुनी, माहितीतली होती. काळीला मात्र कोणत्याच पुस्तकातला तक्ता लागू होईना. पावसाळाभर साहेब तिच्यामागे होते. शेवटी एके दिवशी माझ्या टेबलावर हात ठेवून म्हणाले, "सबनीस, गल्ली सापडली."

त्यांना एक शंका होती आणि ती त्यांनी माझ्यापासून लपवली नाही. त्रेचाळीस काळे सगळे नर होते, एकोणसत्तर पिवळ्या सगळ्या माद्या. या किड्यांत नर आणि मादी कधीकधी इतके वेगळे दिसतात की भल्याभल्यांनी नवऱ्याला एका प्रजातीत आणि बायकोला दुसऱ्या प्रजातीत टाकलेलं आहे. "पण इथं ते नाही," साहेब म्हणाले. "तुमचा तक्ता पाहा. काळे जुलैत निघाले, पिवळ्या डिसेंबरात. ज्यांची आयुष्यात गाठ पडत नाही ते नवराबायको कसे असतील?"

तो तक्ता माझा होता. संस्थानात सरकारी महिने फसली होते: अजूर, दै, बहमन असे. परभणीच्या पेटीतल्या चिठ्ठ्यांवर उर्दूत तेच लिहिलेलं. नव्या कारभारात सगळ्या तारखा इंग्रजी करायचा हुकूम निघाला तेव्हा ते काम माझ्याकडे आलं. शिपाई चिठ्ठ्या वाचून दाखवी, मी तारीख काढी. जुन्या सरकारी डायऱ्या रद्दीत गेल्या होत्या. मी दोनदा मागणी केली, मिळाली नाही. रेकॉर्ड खोलीत भिंतीवर एका पारशी मिठाईवाल्याचं कॅलेंडर होतं. त्यावर इंग्रजी महिन्यांशेजारी बहमन, तीर, आबान अशीच नावं छापलेली. मी त्यावरून त्रेचाळीसही तारखा काढल्या; चिठ्ठ्यांवर सगळीकडे बहमन होता आणि त्या कॅलेंडरावर बहमन जुलैत येत होता. वर्षाचा आकडा मात्र त्या कॅलेंडराशी जुळेना, तो मी वेगळ्या बेरजेने काढला. जिथे आकडा जुळला नाही तिथेच मी थांबायला हवं होतं. थांबलो नाही.

साहेबांचा नियम होता की जुनी चिठ्ठी कधी काढायची नाही. म्हणून माझी नवी चिठ्ठी मी जुनीच्या वर टाचली. जुनी झाकली गेली.

माळी मल्लय्या एकदा म्हणालाही होता की जुलैत एरंडी वीतभर असते, तिच्यावर एवढी अळी कुठून येणार. साहेबांनी त्याला बांधावरची जुनी झाडं दाखवून गप्प केलं.

लेख तयार झाला. मी तो टाइप केला, चौदा पानं, तीन प्रती. नव्या प्रजातीला साहेबांनी काकींचं नाव दिलं, लॅटिनमध्ये बसेल असं करून. काकींनी ऐकलं तेव्हा त्या भाजी निवडत होत्या. "अळीचं पोट पोखरणाऱ्या माशीला माझं नाव? माझ्या माहेरी कळवू नका."

"अगं, जगातल्या सगळ्या पुस्तकांत येणार नाव."

"माहेरचे पुस्तकं वाचत नाहीत म्हणून बरं."

पण मी पाहिलं, त्यांनी तो कागद दिव्याजवळ नेऊन आपलं नाव बोटाने शोधलं. साहेबांना निवृत्त व्हायला चार महिने होते. तीस वर्षांत त्यांना बढती एकदाच मिळाली होती. ही एक गल्ली त्यांच्या नावावर लागणार होती. पाकीट सोमवारी रजिस्टर करून विलायतेला जायचं होतं.

रविवारी संध्याकाळी मी घरमालकांच्या ओसरीवर बसलो होतो. हमीदुल्ला साहेब महसुलातले निवृत्त पेशकार. पेन्शनच्या कागदावर आपली निवृत्तीची तारीख मला वाचून दाखवत होते: अमुक बहमन. मी सहज म्हणालो, "म्हणजे जुलै."

त्यांनी चष्म्यावरून पाहिलं. "जुलाई कायकू बोल रैं आप? बहमन में तो दो-दो रजायां ओढ़ते थे हम. जिस दिन रिटायर हुए, लोगां शाल ओढ़ाए, वो शाल मैं दिन भर उतारा नै."

"मग बहमन कोणता महिना?"

"डिसेंबर, मियाँ. पारसियां का बहमन अलग, सरकारी बहमन अलग. ये तो बच्चे बी जानते."

मी सायकल काढली. बरकतपुऱ्याहून अंबरपेठ लांब नाही, पण वाटेत दोनदा उतरलो. गप्प बसलो असतो तर कुणाला कळलं नसतं, हे मी त्या वाटेवर मोजून पाहिलं आहे. चिठ्ठी झाकलेली होती, फसली महिने आता कुणी वापरणार नव्हतं, आणि विलायतेतल्या माणसाला बहमन म्हणजे काय ते ठाऊक असण्याचं कारण नव्हतं. पण तारीख चुकीची होती.

साहेब अंगणात होते. मी उभ्यानेच सगळं सांगितलं. त्यांनी ऐकून घेतलं, आत जाऊन पाकीट आणलं, मांडीवर ठेवलं आणि बराच वेळ त्याच्या कोपऱ्यांवरून अंगठा फिरवत राहिले. मग आत बघून म्हणाले, "ऐकलं का, बहमनमध्ये आपण काय करतो?"

"अंघोळीला पाणी तापवतो," काकी आतून म्हणाल्या.

"आणि जुलैत?"

"जुलैत तुम्ही छत गळायलं म्हणून बोंब मारता. काय झालं?"

"काही नाही. सबनीसांना सांगायचं होतं."

आणि मग ते हसले. आधी हळू, मग डोळ्यांतून पाणी येईपर्यंत. मी माफी मागू लागलो तर हाताने थांबवलं. "तुमची चूक एक. माझ्या दोन. शंका मला होती, तिला मी तारखेने गप्प बसवलं. आणि चिठ्ठी आधी वाचा, किडा मागून बघा, हे तीस वर्षं लोकांना शिकवत आलो, पण वरची चिठ्ठी उचलून खालची पाहिली नाही. गल्ली दिसली की माणूस पाटी वाचत नाही."

"मग आता?"

"आता वाट बघायची. बहमन येऊ द्या."

त्यांनी पाकीट फाडलं नाही. वर तारीख घातली, "थांबवले" असं लिहिलं आणि कपाटात ठेवलं.

डिसेंबरात साहेबांनी एरंडीवरून साठ अळ्या आणल्या आणि प्रत्येक अळी वेगळ्या काचेत ठेवली. काकींच्या स्वयंपाकघरात पाय ठेवायला जागा उरली नाही. त्या आठवडाभर अंगणात चुलीवर स्वयंपाक करत होत्या. एकोणिसाव्या काचेतून एका सकाळी चार काळे नर निघाले. साहेबांनी काच उघडली नाही. दुसऱ्या दिवशी काही नाही. तिसऱ्या दिवशी सकाळी ते सायकलवरून बरकतपुऱ्याला आले, दाढी अर्धी केलेली. खालूनच म्हणाले, "सबनीस, पिवळ्या. त्याच काचेत. सात."

नर दोन दिवस आधी निघतात, एवढीच गोष्ट होती. परभणीचा कामगार पहिल्या दिवशी निघाले तेवढे टाचून काच धुऊन टाकी. आणि शेतात जाळी फिरवली तर नर सापडत नाहीत, कारण ते दोन-तीन दिवसच जगतात. साठ काचांपैकी बावीस काचांतून माश्या निघाल्या. सतरांत काळे आणि पिवळ्या दोन्ही. मी ते दोनदा मोजलं.

नवी प्रजाती संपली. काळा नर हा त्या जुन्या, माहितीतल्या पिवळ्या मादीचा नवरा होता. चौदा पानांच्या लेखाच्या जागी दीड पानाची टीप झाली. मला वाटलं होतं, साहेब खचतील. त्यांनी दुसऱ्या दिवशी कचेरीच्या नोटीसबोर्डावर लग्नपत्रिका लावली. चिरंजीव काळे, राहणार परभणी, यांचा शुभविवाह कुमारी पिवळे, राहणार हैदराबाद, हिच्याशी उभयतांच्या संमतीने पूर्वीच झालेला असून ही गोष्ट वसमतकर यांस उशिरा कळली, तरी सर्वांनी रविवारी जेवायला यावे.

सगळे आले. काकींनी पुरणपोळ्या केल्या. हमीदुल्ला साहेबांनी घरून पावाचा गोड डबल का मीठा आणला आणि लग्न आपणच जुळवलं म्हणून मानाचा रुमाल मागून घेतला. मल्लय्या पंगतीत बसून साहेबांना ऐकू जाईल अशा आवाजात तेलुगूत काहीतरी म्हणाला. त्याचा अर्थ साहेबांनीच आम्हाला सांगितला: वीतभर एरंडीचं मी आधीच सांगितलं होतं. डायरेक्टर सर्वांत शेवटी आले, पान संपवलं आणि विचारलं, "मिस्टर वसमतकर, वाईट नाही वाटत?"

"सर, नवी गल्ली सापडली असती तर लोकांनी ती पुढं पन्नास वर्षं शोधली असती. नसलेली गल्ली. ते टळलं." मग म्हणाले, "वाटलं वाईट. तीन दिवस. मग काच उघडली."

काकींना मी म्हणालो, पुस्तकात नाव यायचं राहिलं. त्या माझ्या पानावर पोळी वाढत म्हणाल्या, "त्यांनी ठेवलं होतं, मी वाचलं होतं. आता तुम्ही जेवा."

जानेवारीअखेर साहेब निवृत्त झाले. टीप छापून यायला सव्वा वर्ष लागलं. छापील प्रती कचेरीच्या पत्त्यावर आल्या, म्हणून एका रविवारी सकाळी मी त्या घेऊन अंबरपेठेला गेलो. त्याच महिन्यात ते दोघं काकींच्या भाच्याकडे परभणीला राहायला गेले, त्यामुळे ती आमची शेवटची भेट.

अंगणात एरंडीचं एक उंच झाड वाढलं होतं. साहेब त्याच्यासमोर पाटावर बसले होते, नाक पानापासून हातभर. फाटक वाजलं तशी त्यांनी मागे न बघता पंजा वर केला.

"तिथंच थांबा. सावली पडायली."

मी थांबलो. घड्याळात नऊ वाजून दहा मिनिटं झाली होती. काकी चहा घेऊन फाटकापाशी आल्या आणि हळूच म्हणाल्या, "पानाखाली कोश आहेत म्हणे. काळे येऊन बसलेत त्यांच्यावर, पिवळ्या निघायची वाट बघत. काचेत पाहिलं पण उघड्यावर कधी पाहिलं नाही म्हणतात. कालपासून बसलेत. जेवण बी तिथंच."

मी चहा उभ्यानेच प्यायलो. शेजारची बाई पाणी भरायला आली, तिलाही त्याच पंजाने थांबवलं. ती घागर कडेवर धरून उभी राहिली. नऊ बावन्नला साहेबांनी एक बोट वर केलं. "पिवळी निघाली," काकी पुटपुटल्या. थोड्या वेळाने दुसरं, पहिल्याच्या शेजारी. ती दोन बोटं त्यांनी तशीच धरून ठेवली. तीन मिलिमीटरचे जीव. फाटकापासून मला काहीच दिसत नव्हतं. दिसत होती फक्त त्यांची पाठ, आणि ती हसत होती.